रेषा जिथे थांबते: रेम्ब्रांटची ‘तीन झाडं’ कशी पाहावीत

प्रिंटरमध्ये घालतो तो ए-फोर कागद समोर धरा. त्याहून जरा लहानच जागा, उंची साधारण २१ सेंटीमीटर आणि रुंदी २८ सेंटीमीटर. एवढ्यात डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४३ साली कोसळणारं आभाळ, दूरवर पसरलेली सपाट शेतं, त्यांच्या टोकाला एक शहर, चरणारी गुरं, माणसं बसलेली गाडी, पाण्यात गळ टाकून बसलेला एक जण, झुडपात लपलेलं जोडपं आणि टेकाडावरची तीन झाडं बसवली. तीही एकाच काळ्या शाईत. हॉलंडमध्ये झालेलं हे मुद्राचित्र, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, ‘तीन झाडं’ याच नावाने ओळखलं जातं. रेम्ब्रांटने तांब्यावर केलेल्या निसर्गदृश्यांत ते आकाराने सर्वांत मोठं आहे.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्याची एक छापील प्रत कित्येक वर्षं आहे. घरी येणारे तिच्याकडे क्षणभर पाहतात आणि पुढे सरकतात. त्यात नवल नाही. रंगीत चित्र आपल्याला दुरूनच हाक मारतं. अशा चित्राजवळ आपल्यालाच जावं लागतं, आणि जवळ गेल्यावर नेमकं काय पाहायचं हे आपल्याला कोणी कधी सांगितलेलं नसतं. शाळेत चित्रकलेच्या तासाला रचना वेगळी शिकवतात, रेखांकन वेगळं. ‘तीन झाडं’ पाहताना हा वेगळेपणा बाजूला ठेवावा लागतो. इथे रचना उभी राहिली आहे ती रेषांच्या दाटीवर आणि रेषा जिथे थांबल्या त्या जागांवर. म्हणून काय काढलंय याच्याइतकंच काय सोडलंय तेही पाहू.

सुरुवातीला डोळे किलकिले करा. झाडं, गुरं, माणसं सगळी विरघळतात आणि फक्त गडद-उजळ जागा उरतात. उजव्या बाजूला झाडांचा एक काळा पुंजका. तळाशी एक गडद पट्टा, जो उजवीकडे चढत जाऊन त्या पुंजक्याला मिळतो. डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात तिरप्या रेषांचा जाड पडदा. मधे ढगांची घुसळण. आणि सर्वांत उजळ जागा कुठे आहे? झाडांच्या अगदी पाठीमागे. जिथे चित्र सर्वांत काळं, तिथेच खेटून सर्वांत पांढरं. नजर पहिल्यांदा तिथे जाते, आणि कुठेही भटकून आली तरी पुन्हा तिथेच येते.

तो उजेड रेम्ब्रांटने काढलेला नाही. तो कोरा कागद आहे. झाडांच्या मागे त्याने जवळजवळ काहीच केलं नाही, आणि ते काहीच न करणं टिकवण्यासाठी बाकीच्या आभाळात प्रचंड काम केलं.

आता भिंग घ्या, किंवा पडद्यावर चित्र मोठं करा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर अशी जुनी चित्रं मोठ्या आकारात मोफत पाहता येतात. मोठं केल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की दुरून जो करडा वाटत होता तो करडा रंग तिथे जवळपास नाहीच. आहेत फक्त काळ्या रेषा आणि त्यांच्या मधला कागद. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की त्याचे ठिपके होतात, तसंच हे. फरक एवढाच की ठिपके यंत्र टाकतं आणि त्यांना दिशा नसते. रेषेला दिशा असते. ती आडवी असेल तर जमीन निजते, तिरपी असेल तर पाऊस पडतो, गोल फिरली तर पानं होतात. म्हणजे एकच रेषा दोन कामं करते: किती अंधार ते सांगते, आणि वस्तू कशी आहे तेही सांगते.

घरात जुनी गोधडी असेल तर तिच्याकडे एकदा पाहा. धावदोऱ्याचे टाके जवळजवळ पडले की कापडाचा पोतच बदलतो, लांब लांब पडले की खालचं कापड मोकळं दिसतं. टाके कोणत्या बाजूने धावतात त्यावर गोधडीची लाट ठरते. रेषांच्या जाळीचं गणितही याच जातीचं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चित्राच्या आभाळात कुठे कुठे रेषेशिवाय आलेली एक बारीक दाणेदार छटाही आहे. तांब्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत करून ती आणलेली आहे. पण ती मदतनीस आहे. आभाळाचा भार रेषांनीच उचलला आहे.

तांबं, मेण आणि तेजाब

रेषा समजायची तर ती कशी जन्मली ते ठाऊक हवं. इंग्रजीत ज्याला एचिंग म्हणतात त्याला मराठी कलाकोशांत अम्लरेखन असा शब्द आहे. प्रत्यक्ष काम करणारे मात्र एचिंगच म्हणतात. गुळगुळीत घासलेला तांब्याचा पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबरासारखा पदार्थ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. याला ग्राउंड म्हणतात. हा थर धुरावर धरून काळा करतात, म्हणजे काम करताना रेषा दिसावी. मग सुईने त्यावर रेखाटायचं. सुई तांबं कापत नाही, फक्त मेण खरवडते, आणि खालचं तांबं चमकायला लागतं. त्यामुळे हात कागदावर पेन चालावं तसा मोकळा फिरतो. नंतर पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण आहे तिथे तेजाबाचं काही चालत नाही. जिथे मेण खरवडलंय तिथे ते तांबं खातं आणि चर पडतो. पत्रा जितका वेळ तेजाबात, तितका चर खोल, तितकी जास्त शाई मावणार, तितकी रेषा काळी.

यातून एक सुंदर युक्ती निघते. काही रेषा पुरेशा खोल झाल्या की पत्रा बाहेर काढून त्यांच्यावर वॉर्निश लावायचं आणि पत्रा पुन्हा तेजाबात टाकायचा. झाकलेल्या रेषा तशाच फिक्या राहतात, उघड्या आणखी खोल होतात. दूरचं शहर लवकर झाकायचं, जवळचं गवत शेवटपर्यंत उघडं ठेवायचं. फ्रान्समधल्या जाक कालोने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत फार शिस्तीने वापरली आणि हाताएवढ्या चित्रात अंतराचे कितीतरी पदर आणले. चित्रकार म्हणतात ती हवेतली खोली, म्हणजे दूरचं धूसर आणि जवळचं ठसठशीत, इथे तेजाबाच्या घड्याळावर मोजली जाते.

पत्रा तयार झाला की त्यावर शाई चोपडून चरांत भरायची आणि वरची शाई जाळीदार कापडाने व शेवटी तळहाताने पुसून काढायची. मग ओलसर केलेला कागद त्यावर ठेवायचा, वर जाड लोकरी कापड, आणि हे सगळं दोन रुळांच्या मधून दाबून काढायचं. ओला कागद चरांत शिरतो आणि शाई ओढून घेतो. म्हणून अस्सल ठशावर बोट फिरवलं, अर्थात संग्रहालयात कोणी फिरवू देत नाही, तर रेषा किंचित उंच लागते. कडेने पत्र्याच्या आकाराची दबलेली चौकटही दिसते.

एका कार्यशाळेत मी स्वतः एक छोटा पत्रा केला आहे. सुई मेणावर फिरताना येणारा मोकळेपणा विलक्षण असतो. पण पत्रा तेजाबात गेल्यावर हाताला काही काम उरत नाही, फक्त वाट पाहायची असते. त्या वाट पाहण्यात मला एक गोष्ट उमगली. या कलेत पांढरं परत मिळवणं अतिशय कष्टाचं आहे. कागदावर पेन्सिल खोडता येते. इथे चर बुजवायचा तर तांबं खरवडून, घोटून पुन्हा सपाट करावं लागतं. म्हणून झाडांमागचा तो कोरा उजेड आधीपासून ठरवून राखलेला असणार. तो मागाहून सुचून येण्यासारखा नाही.

तेजाबाशिवाय थेट तांब्यावर काम करायच्या आणखी दोन रीती आहेत, आणि या चित्रात दोन्ही आहेत. पहिली कोरणीची. ही सोनाराच्या हत्यारांची बहीण. चौकोनी पोलादी दांडी, टोक तिरपं घासलेलं. ती तळहातात धरून पुढे ढकलायची, आणि तांब्याची बारीक सळ बाहेर पडत जाते. जोर वाढवला की रेषा रुंदावते, कमी केला की निमुळती होऊन संपते. ही रेषा स्वच्छ असते, ताठ असते, आणि हात सहजासहजी वळत नाही. दुसरी रीत ड्रायपॉइंटची. यात कठीण सुईने तांब्यावर सरळ ओरखडा काढतात. तांबं बाहेर पडत नाही, ओरखड्याच्या कडेला वर येतं. लेथवर काम करणारे या धारदार कडेला बर म्हणतात आणि ती घासून टाकतात. चित्रकार मात्र ती मुद्दाम ठेवतो, कारण शाई त्या बरीत अडकते आणि छापताना रेषेच्या कडेला मखमली काळेपणा उतरतो.

आता तीन हातांच्या तीन चालींसारख्या या तीन रेषा ओळखता येतील. तेजाबाची रेषा मोकळी, सारख्या जाडीची, टोकाशी बोथट. कोरणीची ताठ आणि टोकाला निमुळती. ड्रायपॉइंटची मऊ, काठाला विरघळलेली.

चार जागा

डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करू. तिथे एकमेकींना समांतर, पट्टी लावून ओढाव्यात इतक्या सरळ तिरप्या रेषा आहेत. बहुतेक जण त्यांना पावसाची सर मानतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावरून समोरच्या डोंगरावर सर चालून येताना ज्याने पाहिली आहे त्याला हा तिरपा पडदा लगेच ओळखू येईल. पण भिंगातून पाहताना मला नेहमी या रेषांच्या उद्धटपणाचं आश्चर्य वाटतं. चित्रातल्या बाकी सगळ्या रेषा काहीतरी बनून जातात, पानं, गवत, ढग. या मात्र रेषाच राहतात. थेट तांब्यावरच्या कामाचा ताठपणा त्यांच्यात आहे. एखाद्या कमी धीराच्या चित्रकाराने हा कोपरा ढगांच्या मऊ छटांनी भरला असता, आणि मग उजवीकडची झाडं डावीकडच्या रिकाम्या सपाटीवर कोसळल्यासारखी वाटली असती. या पडद्यामुळे तराजू सावरला जातो. उजवीकडे खाली झाडांचं वजन, डावीकडे वर पावसाचं. दोघांच्या मधे तिरपी पसरलेली मोकळी हवा.

त्याच्या शेजारी ढग. इथे रेषा एकदम वळण घेते. गोलसर, सैल, मधेच सुटणाऱ्या. ढगाच्या उजळ भागात बाह्यरेषाही पुरती नाही. कुठे ती येते, कुठे विरते, आणि आपला डोळा उरलेलं पूर्ण करतो. पाऊस ताठ आणि ढग सैल, एवढ्या एका फरकाने आभाळात हालचाल आली आहे. हे वादळ येतंय की सरतंय यावर लोक वाद घालतात. मला ते सरतंय असं वाटतं, कारण शेतांवर उजेड पसरलेला आहे आणि माणसं आपापल्या कामात आहेत. पण चित्र तसं शपथेवर सांगत नाही.

आता झाडं. हाच खरा गाभा आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू. तीन झाडं समान अंतरावर रांगेत उभी असती तर कुंपण झालं असतं. इथे ती एकमेकांजवळ आहेत, माथे एकमेकांत मिसळतात, आणि तरी बुंधे वेगळे मोजता येतात. खाली तीन, वर जवळजवळ एक. एकही पान सुटं काढलेलं नाही. लहान वळसे, नागमोडी खरडी आणि त्यांवरून ओढलेल्या तिरप्या समांतर रेषा, बस. पण माथ्याच्या कडेला बघा. तिथे वळसे सुटे होतात, कोऱ्या आभाळात थोडे बाहेर डोकावतात. झाड हे झाड वाटतं ते या कडेमुळे. आतला काळा भाग फक्त वजन देतो. ओळखीची सगळी खूण किनारीवर आहे. नव्याने चित्र काढणारे बहुधा याच्या उलट करतात, आत पानं मोजत बसतात आणि कडेला एक बंद रेष मारून टाकतात. मग झाडाची फ्लॉवर होते.

चौथी जागा म्हणजे ती लांब सपाटी. हॉलंड हा समुद्राच्या पातळीला, काही ठिकाणी त्याच्याही खाली असलेला मुलूख. बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन. तिथे डोंगर नाही, म्हणून उंचीने खोली दाखवायची सोयच नाही. रेम्ब्रांटने ती रेषांमधल्या अंतराने दाखवली आहे. जवळ आडव्या रेषा दाट आणि खोल, पुढे विरळ आणि उथळ. मधे उजेडाचा एक पट्टा, जवळजवळ कोरा, पुन्हा सावलीचा पट्टा, पुन्हा उजेड. ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकतात तशा या पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक पट्टी ओलांडताना नजर थोडी आणखी दूर जाते. अगदी टोकाला शहर. बरेच अभ्यासक त्याला ॲमस्टरडॅम मानतात. मनोरे आणि छपरं म्हणजे काही केसाएवढ्या बारीक खुणा आहेत. त्या क्षितिजाची जाडी जरा जरी वाढली असती तर शहर चालत पुढे आलं असतं.

तळाच्या गडद पट्ट्याबद्दल एवढंच सांगतो की तो उंबरठा आहे. तो काळा असल्यामुळे पलीकडचं मैदान उजळ आणि लांब वाटतं. जुन्या निसर्गचित्रांत ही युक्ती सर्रास दिसते.

क्षितिज खाली कसं आलं

या चित्रात जमिनीला फार थोडी जागा आहे आणि बाकी सगळं आभाळ. आज हे नैसर्गिक वाटतं, पण या चित्राच्या शंभर वर्षं आधी तसं फारसं कोणी करत नव्हतं. १५५५-५६च्या सुमाराला चित्रकार पीटर ब्रूगेलच्या रेखाटनांवरून अँटवर्पच्या हिरोनिमस कॉक या प्रकाशकाने मोठ्या निसर्गदृश्यांची एक मालिका काढली. तांब्यावरचं काम व्हान डूटेकम बंधूंचं. ब्रूगेल आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आलेला होता. त्या चित्रांत आपण पक्ष्यासारखे उंचावर असतो. क्षितिज बरंच वर, खाली दऱ्या, नद्या, किल्ले, वाटा. जणू एकाच कागदावर अख्खं जग दाखवायचं आहे. पाहणारा कुठेच उभा नसतो, तो तरंगत असतो.

सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हॉलंडच्या हार्लेम शहराशी संबंधित चित्रकार, एसायस व्हान डे व्हेल्डे, विलेम बाउटवेख ही मंडळी, खाली उतरली. घराजवळची वाट, मोडकं शेतघर, चार झाडं. क्षितिज माणसाच्या डोळ्याच्या पातळीपाशी आलं आणि आभाळ मोठं झालं. अशा चित्रांना गिऱ्हाईकही होतं. कॅनव्हासवरचं चित्र एकाच्याच घरी जातं. तांब्याच्या पत्र्यावरून निघणारे ठसे स्वस्तात अनेकांच्या घरी जातात. शहरातला माणूस सुटीच्या दिवशी वेशीबाहेर फिरायला जायचा आणि तेच दृश्य कागदावर विकत घ्यायचा. रेम्ब्रांट या सगळ्याच्या नंतरचा. त्याने ती साधी, रोजची जमीन तशीच ठेवली आणि तिच्यावर ब्रूगेलच्या पर्वतांएवढं प्रचंड आभाळ उभं केलं. मला या चित्राची थोरवी इथे वाटते. पर्वत नसलेल्या देशात त्याने हवेचा पर्वत केला.

त्याच्या आधीचा आणखी एक माणूस इथे आठवायलाच हवा, हर्क्युलिस सेगर्स. त्याने रंगीत शाईत, कधी कापडावर, दगडाळ आणि निर्जन प्रदेश छापले. तसं काम त्या काळात दुसरं कोणी केलेलं नाही. रेम्ब्रांटकडे सेगर्सची चित्रं होती, एवढंच नाही, त्याचा एक कोरलेला पत्राही त्याच्याकडे आला. त्यावर बायबलशी जोडलेल्या कथेतला टोबियास आणि देवदूत यांच्या मोठ्या आकृती होत्या. १६५३च्या सुमाराला रेम्ब्रांटने त्या आकृती घोटून पुसल्या, तिथे झाडी आणि इजिप्तकडे निघालेलं येशूचं कुटुंब कोरलं, पण सेगर्सचं निसर्गदृश्य बऱ्याच भागात तसंच राहू दिलं. झाडांच्या वर पुसलेल्या देवदूताच्या पंखाच्या खुणा आजही दिसतात. दुसऱ्याच्या रेषा इतक्या आदराने राखणारा माणूस कोरी जागा का राखत असेल ते मला यावरून कळतं.

उलटं दिसणारं जग

पत्र्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा रचनेवर काय परिणाम होतो हे चटकन लक्षात येत नाही. रेम्ब्रांट पत्र्यावर काम करत होता तेव्हा झाडं त्याच्या डाव्या हाताला होती. छापल्यावर ती उजवीकडे गेली. ॲमस्टरडॅमचं जे प्रसिद्ध दृश्य त्याने १६४०च्या सुमाराला तांब्यावर केलं, त्यात शहर खऱ्याच्या उलटं छापलं गेलं आहे आणि त्याने ते तसंच चालू दिलं. जागेचा हुबेहूब नकाशा त्याला नको होता.

अक्षरांच्या बाबतीत मात्र अशी सवलत मिळत नाही. आपल्याकडे मिरजेला १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. तिथे अख्खी नागरी अक्षरं उलटी कोरावी लागली असणार. काना, मात्रा, वेलांटी सगळं आरशातलं. ते काम आणि हे काम जातीने एकच, चर कोरायचा आणि त्यात शाई भरायची.

आपल्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट इथे जवळची आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आला, पुण्याला पेशव्यांच्या दरबारात त्याने व्यक्तिचित्रं रंगवली आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. १७९५ साली तो वारला. पुढे थॉमस डॅनिएलने ती रेखाटनं १८०३ साली लंडनमध्ये छापील चित्रांच्या रूपात काढली. ती ॲक्वाटिंट पद्धतीची आहेत. तीत राळेची बारीक पूड पत्र्यावर चिकटवून तेजाब देतात, म्हणजे दाण्यादाण्यांच्या मधलं तांबं खाल्लं जाऊन सलग करडी छटा मिळते. रेषांची जाळी विणायची गरज संपते. कैलास लेण्याच्या दगडावरची सावली तिथे पाण्याच्या रंगासारखी सपाट पसरते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर रेषेची किंमत फार लवकर कळते. ॲक्वाटिंटची सावली फक्त सावली असते. रेम्ब्रांटच्या सावलीला दिशा असते, ती वाऱ्याबरोबर वाकते.

एक ठसा, दुसरा ठसा

‘तीन झाडं’चे ठसे एकसारखे नाहीत. मघाशी सांगितलेली बर नाजूक असते. दरवेळी पत्रा पुसला जातो, दरवेळी रुळाखाली दाबला जातो, आणि काही डझन ठशांतच ती झिजते. मग ड्रायपॉइंटची मखमल जाते आणि नुसता बारीक ओरखडा उरतो. तेजाबाच्या खोल रेषा जास्त टिकतात. म्हणून उशिराच्या ठशात चित्राचा तोलच बदलतो. सावल्या विरतात आणि काळ्याच्या शेजारी जो पांढरा पेटला होता तो नुसताच रिकामा कागद होतो. छापील प्रत किंवा फोटो पाहताना तो कोणत्या ठशाचा आहे याला फार महत्त्व आहे. एखाद्याला हे चित्र निस्तेज वाटलं असेल तर त्याने बहुधा थकलेला ठसा पाहिलेला असतो.

रेम्ब्रांट अनेक पत्र्यांवर पुन्हा पुन्हा काम करायचा. ‘तीन क्रूस’ या १६५३च्या पत्र्यावर तर त्याने पुढे अशी उलथापालथ केली की आधीचे आणि नंतरचे ठसे दोन वेगळी चित्रं वाटावीत. ‘तीन झाडं’ची मात्र एकच अवस्था माहीत आहे. पत्रा तयार झाल्यावर त्याने त्यात बदल केला नाही.

तीन झाडांत कोणी कालव्हरीच्या टेकडीवरचे, म्हणजे येशूला जिथे क्रूसावर चढवलं तिथले, तीन क्रूस पाहतात. कोणी आदल्या वर्षी, १६४२मध्ये, वारलेल्या त्याच्या बायकोचं, सास्कियाचं दुःख त्या आभाळात वाचतात. तसं वाचायला कोणाची हरकत असू नये. मी तसं वाचत नाही, कारण तो अर्थ आधी मनात धरला की डोळे रेषा पाहायचं थांबवतात.

आणि पाहण्यासारखं अजून शिल्लक आहे. डावीकडे खाली पाण्याच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस दिसतो, त्याच्या शेजारी एक बाई. उजवीकडे खाली, चित्राच्या सर्वांत काळ्या झुडपात, भिंग घेऊन शोधाल तर एक जोडपं सापडेल. आडव्या, उभ्या, तिरप्या रेषांची जाळी तिथे इतकी दाट आहे की त्यांच्यासाठी जेमतेम काही फटी उरल्या आहेत. चेहरा, हात हे काही काढलेले नाहीत, जाळी विणताना त्या जागा फक्त वगळल्या आहेत. झाडांमागचा उजेड ज्या रीतीने झाला त्याच रीतीने, पण नखाएवढ्या जागेत. चित्रातला सर्वांत उघडा भाग आणि सर्वांत लपलेला भाग एकाच हातोटीने घडले आहेत.

मग नजर टेकाडाच्या माथ्यावर न्या. गाडी चालली आहे, आत माणसं. तिथेच उजव्या कडेला एक जण खाली बसला आहे, मांडीवर कागद घेऊन काहीतरी रेखाटतोय. चार-पाच छोट्या रेषांचा माणूस. एवढं वादळ डोक्यावर असताना तो मान खाली घालून कामात आहे, आणि त्याच्या कागदावर काय आहे ते आपल्याला दिसत नाही.